प्रसूतिपश्चात वजननियंत्रण आणि मर्यादित हालचाल : संगमनेर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

बाळंतिणीला भरपूर खाऊ घालण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे आणि वाढलेले वजन उतरविण्यासाठी ‘चालत जा’ हा सल्लाही आता सर्वत्र दिला जातो. ज्या स्त्रीला चालणेच कठीण आहे तिच्या वाट्याला या दोहोंपैकी पहिली गोष्ट पूर्ण येते, दुसरी मात्र येत नाही. पोलिओ, अपघात, सांधेदुखी, कटिभागाचे दुखणे किंवा सिझेरियन शस्त्रक्रिया यांमुळे हालचाल मर्यादित झालेल्या मातेच्या वजनाचा प्रश्न आहाराचे प्रमाण, शक्य त्या स्नायूंचा व्यायाम आणि कुटुंबाचे सहकार्य या तीन अंगांनी प्रस्तुत लेखात स्पष्ट केला आहे.

बीजसंज्ञा : बाळंतीण, वजननियंत्रण, मर्यादित हालचाल, अस्थिव्यंग, आहार, स्वावलंबन.

प्रस्तावना

स्त्रीच्या आरोग्याची चर्चा आपल्याकडे बहुधा गर्भारपणापासून सुरू होते आणि प्रसूती सुखरूप झाली की संपते. त्यापुढील काळ घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या हाती सोपविलेला असतो. या काळातील दुखणी किती अदृश्य राहतात याचा पुरावा महाराष्ट्रानेच जगापुढे ठेवला आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. मात्र त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. दुखणे असते, परंतु ते सांगितले जात नाही आणि विचारलेही जात नाही, हे त्या अभ्यासातून स्पष्ट झाले. प्रसूतीनंतर वाढलेले वजन हाही असाच एक न विचारलेला विषय होय. माता अपंग असेल तर ‘मूल झाले हेच पुष्कळ’ एवढ्यावर तो मिटविला जातो.

मर्यादित हालचालीचे स्वरूप

हालचालीवरील मर्यादा सर्व स्त्रियांमध्ये सारखी नसते. स्थूलमानाने तिचे तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार कायमस्वरूपी मर्यादेचा. देशात पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली, पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. परंतु त्यापूर्वी ज्या मुलींना पोलिओ झाला, त्यांपैकी अनेकजणी आज तिशी-चाळिशीत असून त्यांतील कित्येक माता आहेत. मज्जारज्जूची इजा, अवयवविच्छेदन, जन्मजात व्यंग आणि संधिवात यांचाही याच प्रकारात समावेश होतो.

दुसरा प्रकार गर्भारपणातूनच उद्भवणाऱ्या मर्यादेचा. या काळात कटिभागातील सांध्यांचे बंध सैल होतात. काही स्त्रियांना प्रसूतीनंतरही अनेक महिने जांघेत व माकडहाडाजवळ तीव्र वेदना राहतात. कुशीवर वळणे, जिना चढणे आणि एका पायावर उभे राहून लुगडे किंवा सलवार नेसणे त्यांना अवघड जाते.

तिसरा प्रकार तात्पुरत्या मर्यादेचा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. पोटावरील शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे बाळापेक्षा जड वस्तू उचलू नये, असे सांगितले जाते.

या तिन्ही प्रकारांत वजनाचे महत्त्व केवळ देखणेपणाशी संबंधित नाही. चालताना शरीराच्या प्रत्येक जादा किलोमागे गुडघ्यावर सुमारे चौपट भार पडतो. कुबडी घेणाऱ्या स्त्रीचा भार खांदे आणि मनगटे वाहतात. चाकाच्या खुर्चीवरून पलंगावर जाताना संपूर्ण देह दोन हातांवर तोलावा लागतो. धडधाकट स्त्रीला सहा किलो वजन वाढल्यास कपडे घट्ट होतात. कुबडीवर चालणाऱ्या स्त्रीला तेवढ्याच वाढीमुळे स्वच्छतागृहापर्यंत स्वतः जाण्याची क्षमता गमवावी लागू शकते. तिच्या बाबतीत वजनाचा प्रश्न स्वावलंबनाचा प्रश्न असतो.

बाळंतिणीचा आहार : परंपरा आणि आजचे गणित

प्रसूतीच्या वेळी बाळ, वार, गर्भजल आणि रक्त मिळून सुमारे ५ ते ६ किलो वजन उतरते. त्यानंतर शरीरात साठलेले पाणी निघून जाऊन आणखी २ ते ३ किलो कमी होते. उरलेले वजन मुख्यतः चरबीचे असते. स्तनपानासाठी निसर्गाने केलेली ही साठवण असल्याने ती हळूहळू खर्च व्हावी, अशी अपेक्षा असते. मात्र रोजच्या आहारातून त्यात भर पडत राहिल्यास ती खर्च होत नाही.

सव्वा महिन्याचा विसावा, डिंकाचे व मेथीचे लाडू, अळिवाची खीर, तूप-भात, बाळंतशेपा आणि शेक-शेगडी ही आपल्याकडील बाळंतपणाची ओळखीची चौकट आहे. ती निरर्थक नाही. अळीव आणि बाजरी यांतून लोह मिळते, मेथी व सुकामेव्यातून इतर पोषक द्रव्ये मिळतात आणि सक्तीचा विसावा ही तर कष्टकरी स्त्रीला मिळणारी एकमेव रजा असे. मात्र ही चौकट कोणासाठी घडली, हे पाहणे आवश्यक आहे. संगमनेर तालुक्याच्या पठार भागातील स्त्री सव्वा महिन्यानंतर खुरपणी, पाणी भरणे, जनावरांचे वैरणपाणी आणि जळण या कामांना लागत असे. लाडवांतून मिळालेली शक्ती तिच्या कामात खर्ची पडत असे.

याउलट संगमनेर शहरात विडी वळणे हा असंख्य स्त्रियांचा जुना उद्योग होय. मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास एका जागी बसून तो करावा लागतो. बोटे अखंड चालतात, परंतु देह हलत नाही. चालता न येणाऱ्या स्त्रीला असे बैठे कामच जवळचे वाटते. विडीखेरीज शिवणकाम, दुकानातील गल्ला आणि कार्यालयीन काम यांचेही स्वरूप तसेच असते.

हा फरक अंकांत मांडता येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५५ किलो वजनाच्या बैठे काम करणाऱ्या स्त्रीला दररोज १६६० उष्मांक, तर जड काम करणाऱ्या स्त्रीला २७२० उष्मांक लागतात. स्तनपानाच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यात ६०० आणि पुढील सहा महिन्यांत ५२० उष्मांकांची भर सुचविली आहे. म्हणजेच अंगावर पाजणाऱ्या, परंतु बैठे काम करणाऱ्या मातेची गरज २२६० उष्मांकांची असते. शेतात राबणाऱ्या आणि स्तनपान न करणाऱ्या स्त्रीच्या गरजेपेक्षाही ती ४६० ने कमी आहे. कमरेखालील स्नायू लुळे असतील तर प्रत्यक्ष खर्च याहूनही कमी होतो.

आता ताटातील भर पाहू. तूप, गूळ, खोबरे, खारीक यांनी युक्त असा ४० ग्रॅमचा डिंकाचा एक लाडू सुमारे २०० उष्मांक देतो. सकाळ-संध्याकाळ एकेक लाडू खाल्ल्यास ४०० उष्मांक होतात. दोन्ही जेवणांत दोन-दोन लहान चमचे तूप घेतल्यास सुमारे १८० उष्मांक वाढतात. स्तनपानासाठी लागणारे बहुतेक सर्व जादा उष्मांक एवढ्यातच पुरे होतात. त्यावर खीर, शिरा आणि ‘बाळाच्या वाट्याचा’ आग्रहाचा घास आला की शिल्लक साठू लागते. दररोज २०० उष्मांक शिल्लक राहिले तर सव्वा महिन्यात सुमारे एक किलो चरबी वाढते.

याचा अर्थ उपास करावा असा मात्र नव्हे. याच सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या, तर ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षय असलेल्या आढळल्या. वजन अधिक आणि रक्त कमी, अशी स्थिती एकाच देहात असू शकते. म्हणून आहारातील पोषण कायम ठेवून तूप-गुळाचे प्रमाण उतरविणे, हा योग्य मार्ग ठरतो. दोनाऐवजी एक लहान लाडू, खिरीत गूळ बेताचा, भाकरीबरोबर पालेभाजी आणि मोड आलेली मटकी, एक वाटी दाट वरण, दूध किंवा ताक, चालत असल्यास अंडे, असा बदल कोणत्याही स्वयंपाकघरात शक्य आहे. हा विचार परंपरेच्या विरोधात जात नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातही सूतिकेला स्नेह द्यावयाचा तो तिची भूक आणि पचनशक्ती पाहून, असेच सांगितले आहे. प्रमाणाचा विवेक मुळात होता. पुढे आग्रह तेवढा उरला.

मर्यादित हालचाल आणि व्यायाम

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये शारीरिक हालचालींविषयी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रसूत माता आणि अपंग व्यक्ती या दोन्ही गटांसाठी प्रथमच स्वतंत्र शिफारशी केल्या. दोन्ही गटांतील प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल त्यात सुचविली आहे. शक्य नसेल तेथे थोडी हालचालही मुळीच न हलण्यापेक्षा बरी, असेही त्यात म्हटले आहे. ही हालचाल पायांनीच झाली पाहिजे असे नाही. ज्या हालचालीत बोलता येते पण गाता येत नाही ती मध्यम, अशी साधी कसोटी लावता येते. ती हातांच्या हालचालीलाही लागू पडते.

पहिल्या काही दिवसांत दीर्घ श्वसन, घोटे वरखाली करणे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सैल सोडणे एवढे पुरेसे असते. घोट्यांचा व्यायाम क्षुल्लक वाटला तरी महत्त्वाचा आहे, कारण प्रसूतीनंतरचे सहा आठवडे शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका अधिक असतो आणि न हलणाऱ्या पायांत तो आणखी वाढतो. घोटे स्वतः हलत नसल्यास दुसऱ्याने ते हलवावेत; गुठळी टाळण्यासाठी आणखी कोणते उपाय हवेत, हे डॉक्टरांना विचारावे. एकच पोटरी सुजून दुखू लागणे किंवा अचानक धाप लागणे ही तातडीने रुग्णालयात जाण्याची लक्षणे होत.

डॉक्टरांनी अनुमती दिल्यावर, साधारणपणे सहा आठवड्यांनंतर, खुर्चीवर बसून अर्धा लिटर पाण्याच्या बाटल्या दोन्ही हातांनी वर उचलणे, रबरी पट्टा ताणणे, बसल्या बसल्या शक्य तो पाय आळीपाळीने उचलणे आणि चाकाची खुर्ची अंगणात काही मिनिटे वेगाने चालविणे, असा क्रम ठेवता येतो. दहा-दहा मिनिटे दिवसातून दोन-तीन वेळा केलेला व्यायामही उपयोगी पडतो. कटिभाग दुखणाऱ्या स्त्रीने कुशीवर वळताना गुडघे जुळलेले ठेवावेत आणि पाय फाकविणारे व्यायाम टाळावेत. मज्जारज्जूची इजा असल्यास तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच सुरुवात करावी. पोट बांधल्याने आधार मिळतो, परंतु चरबी कमी होत नाही.

आठवड्याला अर्धा किलोपर्यंत वजन उतरल्यास दुधावर सहसा परिणाम होत नाही. आहार बेताचा असूनही वजन हटत नसेल तर थायरॉइडची तपासणी आवश्यक ठरते. गर्भारपणात मधुमेह झालेल्या स्त्रीची साखर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासावी लागते.

मोजमापाचा प्रश्न

उभे राहता न येणाऱ्या स्त्रीचे वजन साध्या काट्यावर होत नाही. त्यामुळे तिच्या नोंदवहीतील तो रकाना कोराच राहतो. धान्याच्या किंवा मालाच्या मोठ्या काट्यावर खुर्चीसह वजन करून नंतर खुर्चीचे वजन वजा करणे, हा सोपा उपाय आहे. तेही शक्य नसेल तर दर पंधरा दिवसांनी कमरेचा घेर मोजावा. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटीमीटर ही सावधगिरीची मर्यादा मानली जाते. याहून अर्थपूर्ण मोजमाप दैनंदिन व्यवहाराचे असते. पलंगावरून खुर्चीवर जाताना आधार लागतो का, बाळाला घेऊन बसता-उठता येते का, खांदा दुखतो का, या प्रश्नांची महिनावार उत्तरे काट्याइतकीच बोलकी असतात.

कुटुंब आणि आरोग्ययंत्रणा

दवाखान्यात प्रसूती झाल्यावर आशा कार्यकर्तीने बेचाळीस दिवसांत सहा गृहभेटी द्याव्यात, अशी योजना आहे. या भेटींचा मुख्य रोख नवजात बाळावर असतो. मातेची हालचाल, आहार आणि मनःस्थिती यांविषयी चार प्रश्न त्याच भेटीत विचारता येतील. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या २५ व्या कलमात अपंग स्त्रियांच्या प्रजनन आरोग्याचा स्पष्ट उल्लेख आहे. तथापि नाशिक किंवा पुण्याच्या तज्ज्ञाकडे जाणे म्हणजे कुबडीसह एस. टी.च्या उंच पायऱ्या चढणे, ही संगमनेरमधील मातेची प्रत्यक्ष अडचण असते. म्हणून उपचार घराजवळ यावेत आणि फिजिओथेरपिस्टने एकदा शिकविलेले व्यायाम घरातील व्यक्तींनी करवून घ्यावेत, हे अधिक व्यवहार्य ठरते.

कुटुंबाची भूमिका याहून मोठी आहे. सासू किंवा आई ताट वाढते, तेव्हा प्रमाणही तीच ठरवीत असते. बाळंतिणीने ‘नको’ म्हटले तर तो अपमान समजला जातो. चालता न येणाऱ्या सुनेला स्वयंपाकघरात ओटा खाली नसल्यामुळे स्वतःसाठी वेगळे काही करता येत नाही. पतीने दिवसातून वीस मिनिटे बाळ सांभाळले तरच तिला व्यायामाला हात मोकळे मिळतात.

निष्कर्ष

१. पारंपरिक बाळंत-आहार जड श्रमांच्या जीवनाशी जुळलेला होता. मर्यादित हालचालीच्या मातेसाठी त्यातील पोषण ठेवून प्रमाण कमी करणे आवश्यक आहे.

२. ‘चालणे’ हा वजननियंत्रणाचा एकमेव मार्ग नव्हे. जे अवयव हलतात त्यांचा नियमित व्यायाम हाही शास्त्रसंमत पर्याय आहे.

३. अशा मातेच्या प्रगतीचे मोजमाप वजनाबरोबरच स्वावलंबनावरून करणे उचित ठरते.

४. महाविद्यालयातील गृहविज्ञान, क्रीडा, समाजशास्त्र व राष्ट्रीय सेवा योजना या विभागांनी एकत्र येऊन बसून करावयाच्या व्यायामांचे प्रात्यक्षिक आणि आहारप्रमाणाचे मार्गदर्शन वस्त्यांपर्यंत नेल्यास त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल.

समारोप

बाळंतिणीच्या हाती लाडू ठेवणारा हात प्रेमाचाच असतो. तो लाडू केवढा असावा, हे ठरविताना तिच्या दिवसभराच्या हालचालीचा विचार व्हावा, एवढेच प्रस्तुत विवेचनाचे सांगणे आहे. मूल रांगू लागेल, पुढे धावू लागेल. त्याच्या मागे धावणे या मातेला कदाचित जमणार नाही. मात्र त्याला स्वतःच्या बळावर उचलून मांडीवर घेता येणे, हे तिच्या आवाक्यातील ध्येय आहे आणि वजननियंत्रणाचा खरा हेतूही तोच आहे.