कौत्साचे ऋण आणि आजचे सीमोल्लंघन

विजयादशमीच्या सायंकाळी आपट्याची पाने ‘सोने’ म्हणून वाटताना या सोन्याचा उगम एका देण्यात आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेचे चौदा कोटी मागण्यास रघुराजाकडे आला, तेव्हा विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन बसलेल्या त्या राजाने त्याला मातीच्या पात्रातून अर्घ्य दिले. पुढे कुबेराने सुवर्णवृष्टी केली. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात ते सोने राजाच्या कोशागारात पाडले आहे. आपट्याचे झाड आपल्या लोककथेतले आहे, आणि ते तिथेच शोभते.

या कथेत कीर्तनकाराने थांबावे अशी जागा सुवर्णवृष्टीची नव्हे. गुरूंनी दक्षिणा मागितलीच नव्हती. शिष्याने फार हट्ट धरला तेव्हा संतापून त्यांनी चौदा विद्यांचे चौदा कोटी सांगितले. म्हणजे हे ऋण बरेचसे ओढवून घेतलेले. आपल्या घरांतील किती कर्जे अशी असतात, हे ज्याचे त्याने पाहावे. परंतु एकदा डोईवर घेतल्यावर कौत्साने ते टाळले नाही. आणि रघू सगळे सोने देऊ करीत असता देण्यापेक्षा एक नाणेही अधिक उचलले नाही.

यंदाच्या नवरात्रात पंढरपुरी कीर्तनानंतर एक तरुण गृहस्थ थांबून राहिला. म्हणाला, “बुवा, पुण्याची नोकरी चालून आली आहे. पगार चोवीस हजारांचा बत्तीस हजार होईल. कर्ज आहे. सीमोल्लंघन करू की नको?” बहिणीच्या लग्नासाठी त्याने नोकरांच्या पतसंस्थेतून तीन लाख काढले होते, बारा टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत, महिना ६,६७३ रुपयांचा हप्ता. दोन वर्षे भरून झाली होती.

आम्ही दीपमाळेपाशी बसून हिशेब मांडला. चोवीस हप्त्यांत १,६०,१५२ रुपये गेले. मुद्दल मात्र सुमारे ९९,००० रुपयांनीच उतरले, कारण पहिल्या वर्षांत हप्त्याचा मोठा वाटा व्याजच खाते. दोन लाखांवर अद्याप बाकी. आता पुण्याचा पगार पाहा. वाटणीच्या खोलीचे पाच हजार, खाणावळीचे चार, महिन्यातून दोनदा गावी येण्याचे एक. वाढ आठ हजारांची आणि खर्च दहा हजारांचा! घरचे त्याचे जेवण वजा केले, तरी पारडे समतोलाच्या जवळपासच राहते. पगाराचा आकडा ऐकून माणूस हरखतो. हातात उरणारा आकडा फारसा कोणी विचारीत नाही.

दुसरी गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती. दहा किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेत सलग पाच वर्षे सेवा झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. १९७२ च्या कायद्याने घातलेली ही अट कायम नोकरांना अजून लागू आहे. त्याची चार वर्षे सात महिने झाली होती. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १८,००० धरले, तर पंधरा दिवसांच्या हिशेबाने पाच वर्षांचे सुमारे ५१,९०० रुपये होतात. पाच महिने थांबला, तर हप्ते भरून १,७७,००० च्या आसपास बाकी राहील, आणि ही रक्कम त्यात टाकली की ओझे सव्वा लाखावर येईल.

मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला मोहिमेवर निघत, त्या ऐन पावसाळ्यात निघत नसत. नद्यांना उतार पडे, पिके हाती येऊ लागत, तेव्हा सीमा ओलांडली जाई.

वनपर्वात यक्ष युधिष्ठिराला विचारतो की सुखी कोण? उत्तराचा आशय असा, की ज्याला ऋण नाही व ज्याला परगावी राहावे लागत नाही, तो दिवस कलल्यावर घरी साधी भाजी शिजवून खाणाराही सुखी. हे उत्तर देणारा स्वतः बारा वर्षे वनात काढलेला होता, हे विसरू नये. परंतु ऋण फेडण्यासाठीच प्रवास पत्करावा लागला तर? माझ्या मते शास्त्राचा कल स्पष्ट आहे. पोटासाठी परगावी जाण्यास त्याची आडकाठी नाही; मनूची अपेक्षा एवढीच, की जाणाऱ्याने आधी पत्नीच्या निर्वाहाची तजवीज करावी. ऋण बुडविण्यास मात्र कोठेही मुभा नाही. अथर्ववेदातील ऋणमुक्तीची सूक्ते तर इहलोकी आणि परलोकी, दोन्हीकडे अनृणी होण्याची याचना करतात.

मग मी विचारले, “तुझे जामीनदार कोण?” कचेरीतले दोघे सहकारी, असे तो म्हणाला. “त्यांना सांगितलेस?” तो गप्प राहिला.

हे सर्वांत महत्त्वाचे, म्हणून येथे थोडे अधिक लिहितो. पतसंस्थेचा हप्ता पगारातून परस्पर कापला जातो. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात त्याची तरतूद आहे. नोकरी सुटली की ती कपात थांबते, आणि हप्ता थकला तर संस्था जामीनदारांकडे वळते. मित्राच्या विश्वासावर सही करणाऱ्याच्या संसारात खड्डा पडतो, आणि त्याला ते कळते नोटीस आल्यावर! स्मृतिकारांनी ‘प्रतिभू’ म्हणजे जामीन या विषयाला व्यवहारप्रकरणात जागा दिली, ती उगीच नव्हे. बाकी एकरकमी फेडता येत नसेल, तर नव्या पगारातून हप्ता कसा जाणार हे संस्थेकडून लेखी ठरवून घ्यावे आणि तो कागद दोघांना दाखवावा, मगच राजीनामा द्यावा.

अष्टमीला तो पुन्हा आला. दोघांना भेटला होता. एकाने आनंदाने होकार दिला. दुसऱ्याच्या घरी मार्गशीर्षात मुलीचे लग्न. तोवर माझ्या नावावर काही येऊ देऊ नकोस, एवढेच त्याने म्हटले. तरुणाने पुण्याच्या कंपनीला पत्र लिहून फाल्गुनापर्यंत मुदत मागितली आहे. तिकडून उत्तर अद्याप आलेले नाही.