संगणकनियंत्रित क्विल्टिंगमध्ये काठाच्या नक्षीची आखणी

वरचे जोडकापड, मधले कापसाचे भरण आणि खालचे अस्तर हे तीन थर एकत्र शिवून जे पांघरूण सिद्ध होते, त्यास अमेरिकेत क्विल्ट म्हणतात. आपल्या गोधडीशी त्याचे नाते उघड आहे. तेथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाँगआर्म यंत्रे प्रचारात आली. नेहमीच्या शिवणयंत्रात सुईची जागा ठरलेली असून कापड सरकते. येथे कापड चौकटीच्या दांड्यांवर ताणलेले असते आणि सुईसह यंत्राचे डोके रुळांवरून आडवे-उभे फिरते. ही गती मोटारींकडे व मोटारींचे नियंत्रण संगणकाकडे सोपविले, की पडद्यावर रेखलेली नक्षी कापडावर उतरते. यावरून हे काम केवळ यांत्रिक असावे असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. त्या ग्रहाची खरी कसोटी क्विल्टच्या काठापाशी लागते.

मध्यभागातील नक्षी किंचित सरकली तरी खपून जाते. काठाच्या नक्षीस मात्र चार कोपऱ्यांचे बंधन असते. प्रत्येक बाजूवर नक्षीच्या पूर्ण आवृत्त्याच बसल्या पाहिजेत आणि चारही कोपरे एकसारखे दिसले पाहिजेत. समजा, मध्यभाग ६० × ७२ इंच असून काठ ८ इंच रुंद आहे. कोपऱ्यांत ८ इंचांचे स्वतंत्र चौकोन आहेत. नक्षीची मूळ आवृत्ती ७.५ इंच लांब असल्यास ६० इंचांत ती बरोबर ८ वेळा बसते. परंतु ७२ इंचांत ९.६ वेळा. येथे ९ आवृत्त्या घेतल्यास प्रत्येक आवृत्ती ८ इंचांपर्यंत ताणावी लागेल, १० घेतल्यास ती ७.२ इंचांपर्यंत आखडेल. पहिला फरक सुमारे ६.७ टक्के, दुसरा केवळ ४ टक्के; म्हणून दुसरा पर्याय श्रेयस्कर. शिवाय बाजूच्या मध्यापासून नक्षी दोहोंकडे उलट फिरवावयाची असल्यास आवृत्त्यांची संख्या सम असावी लागते. ८ व १० या संख्या ती अटही पुरी करतात.

रुंदीचा हिशेबही असाच करावा लागतो. काठाचा बाहेरचा पाव इंच पुढे गोटाखाली जातो. उरलेल्या पावणेआठ इंचांत दोन्ही अंगांस अर्धा-अर्धा इंच मोकळा ठेवला, तर नक्षीची उंची पावणेसात इंच ठरते. मध्यभागाची शिलाई दाट व काठाची विरळ असेल, तर काठ लहरतो. म्हणून दोहोंची दाटीही जुळती ठेवावी लागते.

येथवर सर्व गणित आहे. अडचण उद्‌भवते ती कापडाच्या स्वभावामुळे. टाके पडत जातात तसतसे कापड आत ओढले जाते आणि पडद्यावरील ७२ इंच चौकटीवर ७२ राहत नाहीत. त्यातही उभ्या बाजूचा काठ एका दमात शिवता येत नाही. यंत्राच्या हाताखाली एका वेळी समजा १६ इंचांचाच पट्टा येत असेल, तर त्यात दोन आवृत्त्या बसतात. म्हणजे १० आवृत्त्यांसाठी पाच टप्पे व चार वेळा कापड पुढे गुंडाळणे आले. दर वेळी अष्टमांश इंचाची चूक एकाच दिशेने झाली, तरी अखेरीस ती अर्धा इंच होते आणि नेमकी कोपऱ्यावर प्रकट होते. उसवावे, तर सुईची छिद्रे मागे राहतात.

यावरील उपाय असा, की मूळ आराखड्यावर विसंबून न राहता प्रत्येक टप्प्यास यंत्राचे डोके प्रत्यक्ष कापडावरील बिंदूंवर नेऊन त्यांची स्थाने संगणकात नोंदवावी आणि उरलेली लांबी उरलेल्या आवृत्त्यांत पुन्हा वाटावी. दोन टप्प्यांनंतर ४३.२ इंचांऐवजी ४२.९ इंच उरले असल्यास पुढील सहा आवृत्त्या प्रत्येकी ७.१५ इंचांच्या होतात. पाच शतांश इंचाचा हा फरक डोळ्यांस जाणवत नाही. क्विल्ट काढून काटकोनात फिरवून पुन्हा ताणल्यास उभी बाजू आडवी होते व टप्प्यांचा प्रश्न बराचसा मिटतो. तथापि त्यासाठी कडा आधी कच्च्या टाक्यांनी स्थिर करणे आवश्यक असते, आणि पुन्हा ताणताना कापड तिरके होण्याचा धोका राहतोच.

हाताने गोधडी शिवणारी स्त्री कोपरा जवळ येताच टाक्यांतील अंतर नजरेने सावरून घेते. संगणकास ही नजर नाही. तो दिलेल्या मापाचे निष्ठेने पालन करतो, मग ते माप कापडाचे असो वा केवळ कल्पनेतील. म्हणून चूक टाळणे हे या आखणीचे निम्मेच काम होय. अटळ चूक कोठे व किती विभागावी याचा निर्णय हे उरलेले निम्मे, आणि ते शिवणाऱ्याकडेच राहते.