कितीचा सेट देऊ?

फर्स्ट इयरला असताना पहिल्यांदाच एकटा गिटारच्या तारा आणायला गेलो होतो. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, ‘‘कितीचा सेट देऊ?’’ मी ऐटीत सांगितलं, ‘‘पाचशेपर्यंतचा.’’ मागे उभी असलेली दोन पोरं फिस्सकन हसली. काका किंमत विचारत नव्हते, गेज विचारत होते.

गिटार घेताना आपण महिनाभर व्हिडीओ बघतो, रंगावरून मित्रांशी भांडतो. आणि तारा? दुकानदार देईल त्या! खरं तर तुमची बोटं दिवसभर खेळतात ती तारेशी, गिटारशी नाही.

गेज म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली. गिटारच्या सेटला नाव मिळतं ते सगळ्यात बारीक तारेवरून. म्हणजे ‘दहाचा सेट’ म्हटलं की पहिली तार ०.०१० इंच. इलेक्ट्रिकला ९-४२ आणि १०-४६ हे नेहमीचे, अकूस्टिकला बहुतेकदा १२-५३, त्याहून हलके ११-५२ किंवा १०-४७. नऊ आणि दहात असा फरक तो किती, इंचाचा एक हजारांश! पण बारावीच्या लॅबमधला सोनोमीटर आठवा. लांबी तीच, सूर तोच आणि तार जाड केली, तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे नवावरून दहावर गेलात की पहिल्या तारेचा ताण जवळपास २३ टक्क्यांनी वाढला. तार बेंड करताना हे टक्के बोटाला बरोबर कळतात.

‘जाड तार म्हणजेच खरा टोन’ असं ऐकवणारा एक सीनियर प्रत्येक कॉलेजात असतो. तो स्टीव्ही रे वॉनचं नाव घेणार हे नक्की. वॉन तेराचा सेट वापरायचा हे खरंच, पण गिटार अर्धा सूर खाली उतरवून. त्या सीनियरला झेडझेड टॉपच्या बिली गिबन्सचं नाव सांगा. तो चक्क सातच्या तारांवर वाजवतो आणि आवाज काही किरकोळ येत नाही. ब्लॅक सबाथच्या टोनी आयोमीची तर गोष्टच वेगळी. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली, नेहमीच्या तारा दाबवेनात, म्हणून त्याने बँजोच्या बारीक तारा गिटारला लावल्या. हेवी मेटलचा पाया अशा हलक्या तारांवर घातला गेलाय, बोला!

माझ्या रूममेटने अकूस्टिक घेतली आणि तीन आठवड्यांत कपाटावर टाकली. बोटं सोलली होती, ‘आपल्याला नाही जमत’ हे ठरवूनही झालं होतं. गिटारला बाराचा सेट होता आणि तारा फ्रेटपासून बोटभर उंच. आम्ही दहाचा सेट चढवला, तारांची उंची कमी करून घेतली. त्या वर्षीच्या गॅदरिंगला पठ्ठ्या दोन गाणी वाजवून आला. तेव्हा शिकायला सुरुवात करताय आणि बोटं रडवतायत, तर आधी तारा बदला, मग हवं तर गिटार सोडा.

आता धातूचं. अकूस्टिकच्या जाड तारांवर ‘८०/२० ब्राँझ’ असं लिहिलेलं असतं. त्यात ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त. थांबा, तांबं आणि जस्त म्हणजे तर पितळ! हो, नाव ब्राँझ, माल पितळ. आपल्या तंबोऱ्याचा खर्जही पितळेच्या तारेचाच असतो की. ८०/२० चा आवाज सुरुवातीला लखलखीत असतो, पण लवकर मंदावतो. फॉस्फर ब्राँझमध्ये तांब्यासोबत कथील आणि किंचित फॉस्फरस. आवाज जरा उबदार, टिकतोही जास्त. गाण्याला साथ करायची असेल तर मी हाच घेईन. इलेक्ट्रिकला मात्र ब्राँझ लावू नका. पिकअपला चुंबकीय धातू लागतो, त्यामुळे वरच्या बारीक पोलादी तारा ओरडतील आणि खालच्या गुंडाळलेल्या पुटपुटतील. तिथे निकेल चढवलेलं स्टील बरं. शुद्ध निकेल मऊ, जुन्या रेकॉर्डसारखं वाजतं. स्टेनलेस स्टील चकचकीत वाजतं, पण फ्रेट लवकर झिजवतं.

आणि नायलॉन. इथे मी स्वतः माती खाल्ली आहे. मामेभावाने नोकरी लागल्यावर त्याची क्लासिकल गिटार मला वापरायला दिली होती. मला तिचा आवाज मिळमिळीत वाटला, म्हणून स्टीलचा बाराचा सेट चढवला. त्या सेटचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास, नायलॉनचा जवळपास निम्मा. आठवडाभरात रात्री ‘काड्’ असा आवाज आला आणि ब्रिज लाकडाचा पापुद्रा घेऊन उखडला. ते मामेभावाला फोनवर सांगताना जे झालं, ते तुम्हाला होऊ नये. गिटार दुरुस्त झाली, पण ब्रिजच्या कडेची रेघ अजून दिसते. तो काही बोलत नाही. मला दिसते.

बेस वाजवणाऱ्यांनो, तुम्हाला कोणी विचारत नाही, पण तारांचा खरा खेळ तुमच्याकडेच आहे. चार तारांचा नेहमीचा सेट ४५-१०५. राउंडवाउंड तारेवर गोल तार गुंडाळलेली असते, त्यामुळे खणखणाट आणि बोटांची खरखर दोन्ही ऐकू येतं. ‘द हू’च्या जॉन एन्टविसलचा गर्जणारा बेस तो हाच. फ्लॅटवाउंडवर सपाट पट्टी असते. आवाज गोल, ठोक्यासारखा. मोटाउनच्या गाण्यांतला जेम्स जेमरसन जाड फ्लॅटवाउंड लावायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही. राउंडवाउंडवर हा प्रयोग मुंबईच्या पावसाळ्यात करू नका. जुलैत लावलेली तार ऑगस्टमध्ये गंजलेल्या खिळ्यासारखी लागते. किनारपट्टीवर राहत असाल, हाताला घाम येत असेल, तर कोटेड तारा महाग असूनही परवडतात. नाहीतर वाजवून झाल्यावर सुती फडकं फिरवा, फुकट आहे.

गेज बदलताना एक लक्षात ठेवा. जाड सेट चढवला की मान किंचित पुढे वाकते, ट्रस रॉड जुळवावा लागतो. पहिल्यांदा हे जाणकाराकडूनच करून घ्या. आणि रिकामं पाकीट फेकू नका. त्यावर तारीख लिहून केसमध्ये ठेवा. काकांना दाखवायला.