काव्याची आकाशाशी रुजवात

हिंगणघाट तालुक्यातील मौजे वडनेर येथून उत्तरेकडे पाहिले असता ध्रुवतारा क्षितिजावर सुमारे २० अंशांवर जवळजवळ अचल दिसतो. परंतु पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक प्रदक्षिणा पुरी करीत असल्याने (यालाच अयनचलन म्हणतात), २,१०० वर्षांपूर्वी हा तारा खगोलीय ध्रुवापासून सुमारे १२ अंश दूर होता, आणि वडनेरच्या आकाशात तो ८ अंशांपासून ३२ अंशांपर्यंत खालीवर फिरत असला पाहिजे.

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात, मॅसिडोनियाचा राजा अँटिगोनस गोनाटस याच्या आश्रयास राहिलेल्या अराटस कवीने नक्षत्रे व हवामानाची चिन्हे वर्णन करणारे ‘फिनॉमेना’ हे १,१५४ ओळींचे काव्य रचले, आणि त्यावर अनेकांनी टीका लिहिल्या. त्यांपैकी ऱ्होड्सच्या अ‍ॅटलसने कवीची बाजू राखली. हिप्पार्कस या ज्योतिर्विदाने मात्र, काव्याच्या माधुर्यामुळे त्यातील विधानांनाही फुकाचे प्रामाण्य मिळते असे बजावून, प्रत्येक विधानाची प्रत्यक्ष आकाशाशी रुजवात घातली. त्यापूर्वी अराटसच्या ओळी व युडॉक्सस या आधीच्या ज्योतिर्विदाचे गद्य शेजारी ठेवून, कवीने ज्योतिषाचा मजकूर युडॉक्ससकडून घेतला असल्याचे त्याने सिद्ध केले. ध्रुवस्थानी एक अचल तारा आहे, हे युडॉक्ससचे म्हणणे त्याने खोडून काढले. ती जागा रिकामी आहे, हा त्याचा निर्णय, आजचा ध्रुवतारा तेव्हा ध्रुवापासून दूर असल्याने, तत्कालीन आकाशाला धरूनच होता. अयनचलनाचा शोध ज्याच्या नावावर आहे, त्या या पुरुषाच्या ग्रंथांपैकी ही काव्यटीकाच तेवढी आज शिल्लक आहे.

महाराष्ट्रात हीच पद्धती शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात वापरली. कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत, या शतपथ ब्राह्मणातील उल्लेखावरून त्यांनी तो काळ ख्रिस्तपूर्व ३००० च्या सुमाराचा ठरविला. कारण कृत्तिका खगोलीय विषुववृत्तावर असतील तरच त्या ठीक पूर्वेस उगवतील, आणि अयनचलनामुळे आज वडनेरहून पाहता त्या पूर्वबिंदूच्या उत्तरेस सुमारे २६ अंशांवर उगवतात. तथापि त्या वचनात ‘ठीक पूर्वबिंदू’ अभिप्रेत नसून केवळ पूर्व दिशा अभिप्रेत असेल, तर या गणिताचा पायाच सुटतो, असा आक्षेप पुढील विद्वानांनी घेतला.

आकाशाचा दाखला अचूक असतो खरा. परंतु त्याच्यापुढे नेमके कोणते विधान ठेवावयाचे, ते कोणाचे व कोणत्या अर्थाचे, याचा निवाडा आधी टीकाकारालाच करावा लागतो. तो चुकला, तर बिनचूक गणितही चुकीच्या शतकाचीच तारीख देते.