इटलीतील विनापरवाना बांधकाम

इटलीतील विनापरवाना बांधकाम (इटालियन: आबुझिविझ्मो एदिलित्सिओ) म्हणजे पालिकेची परवानगी न घेता, अथवा मंजूर नकाशा डावलून केलेले बांधकाम होय. संपूर्ण इमारतीपासून ते सज्जा बंदिस्त करून काढलेल्या खोलीपर्यंत अनेक प्रकारची कामे या संज्ञेत मोडतात. ग्रामीण भागांत आणि किनारपट्टीवर जुनी घरे विकत घेणाऱ्या परदेशी नागरिकांचा या प्रश्नाशी विशेष संबंध येतो. आधीच्या मालकाने, क्वचित त्याच्याही आधीच्या पिढीने, केलेले फेरफार विक्रीनंतर नव्या मालकाच्या माथी येतात. इटालियन कायद्यानुसार बांधकामातील दोष वास्तूला चिकटलेला असतो आणि मालक बदलल्याने तो नाहीसा होत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९४२च्या नगररचना कायद्याने (क्रमांक ११५०) नागरी वस्तीच्या हद्दीत बांधकामासाठी परवाना देशभर आवश्यक ठरवला. काही शहरांत स्थानिक नियमांनुसार तो त्याआधीही लागत असे. वस्तीबाहेरच्या शेतजमिनीवर मात्र बराच काळ मोकळीक राहिली. १९ जुलै १९६६ रोजी सिसिलीतील आग्रिजेंतो शहरात मोठे भूस्खलन झाले आणि हजारो लोक बेघर झाले. उतारांवर बेसुमार बांधलेल्या उंच इमारतींवर त्यामुळे देशाचे लक्ष गेले. त्यानंतर आलेला ऑगस्ट १९६७चा कायदा 'पोन्ते' (पूल) या नावाने ओळखला जातो. १ सप्टेंबर १९६७पासून परवान्याची अट संपूर्ण देशाला लागू झाली.

ही तारीख आजही इटालियन खरेदीखतांत वारंवार आढळते. 'बांधकाम १ सप्टेंबर १९६७पूर्वी सुरू झाले' असे विक्रेत्याने निवेदन केले, की खतापुरती अट पूर्ण होते. परंतु घर नागरी वस्तीत असेल, तर १९६७पूर्वीही परवाना लागत होताच. शिवाय मूळ घर त्या तारखेआधीचे असले, तरी नंतर चढवलेल्या मजल्याला किंवा मागील बाजूस काढलेल्या स्वयंपाकघराला हे निवेदन संरक्षण देत नाही.

माफी योजना

इटालियन संसदेने तीन वेळा दंड भरून बांधकाम नियमित करण्याची संधी दिली. या योजनांना 'कोंदोनो' म्हणतात. १९८५च्या कायद्याने १ ऑक्टोबर १९८३पर्यंत पूर्ण झालेली, १९९४च्या कायद्याने ३१ डिसेंबर १९९३पर्यंतची, तर २००३च्या योजनेने ३१ मार्च २००३पर्यंतची बांधकामे विचारात घेतली. त्यानंतर देशव्यापी माफी झालेली नाही. दर नऊ-दहा वर्षांनी माफी मिळते असे दिसल्यावर पुढच्या माफीच्या आशेवर बांधण्याची वृत्ती बळावली, ही टीका रास्तच म्हणावी लागेल.

अनेक पालिकांत त्या काळातील अर्ज आजही निकालाविना पडून आहेत. त्यामुळे 'माफीचा अर्ज केलेला आहे' आणि 'माफी मंजूर झालेली आहे' या विधानांतील फरक खरेदीदाराच्या दृष्टीने फार मोठा ठरतो. अर्ज पुढे फेटाळला गेल्यास घर पुन्हा अवैध ठरते.

खरेदीखत आणि प्रत्यक्ष वास्तू

परदेशी खरेदीदारांचा सर्वाधिक गोंधळ येथे होतो. इटलीत खरेदीखत नोटरीसमोर होते. तेथील नोटरी हा कायद्याचा उच्चशिक्षित सार्वजनिक अधिकारी असतो. खरेदीदारास इटालियन येत नसल्यास खत दोन भाषांत करावे लागते किंवा दुभाषा ठेवावा लागतो. इतक्या सोपस्कारांनंतर घर निर्वेध असणारच, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः नोटरी मालकी, बोजा आणि कागदपत्रांतील उल्लेख तपासतो. घराच्या भिंती मोजणे हे त्याचे काम नाही.

दुसरा गैरसमज 'कातास्तो' या मालमत्ता नोंदवहीविषयी आहे. १ जुलै २०१०पासून खतात घराची प्रत्यक्ष स्थिती आणि कातास्तोमधील नकाशा जुळत असल्याचा उल्लेख अनिवार्य आहे. मात्र ही नोंदवही करआकारणीसाठी असते. एखाद्याने पोटमाळ्याचे शयनगृह करून कातास्तोमध्ये नवा नकाशा दाखल केला, तर तो त्या खोलीवर कर भरू लागतो. पालिकेची परवानगी त्यातून मिळत नाही. बांधकामाच्या वैधतेसाठी पालिकेच्या दप्तरातील मंजूर नकाशाच पाहावा लागतो.

सर्वोच्च अपील न्यायालयाच्या संयुक्त पीठाने २०१९मध्ये (निर्णय क्रमांक ८२३०) स्पष्ट केले, की खतात खऱ्या आणि त्याच इमारतीच्या परवान्याचा उल्लेख असेल, तर प्रत्यक्ष बांधकाम त्याच्याशी विसंगत असूनही खत वैध राहते. अशा वेळी खरेदीदार निर्विवाद मालक होतो आणि त्याच मालकीमुळे पाडकामाचा आदेश त्याच्या नावे निघू शकतो. तत्पूर्वी २०१७मध्ये राज्य परिषदेच्या पूर्ण पीठाने (निर्णय क्रमांक ९) ठरवले होते, की कितीही वर्षे लोटली तरी अवैध बांधकाम वैध होत नाही, तसेच ज्याचा त्या कामात हात नव्हता अशा नव्या मालकाविरुद्ध आदेश काढतानाही पालिकेला निराळे कारण द्यावे लागत नाही. मूळ अपराधाबद्दल शिक्षा करण्यास मुदतीची मर्यादा असते. पाडकामाच्या आदेशाला ती नाही.

परिणाम

२००१च्या एकत्रित बांधकाम संहितेनुसार परवान्याशिवाय किंवा परवान्याशी पूर्णतः विसंगत केलेले बांधकाम ९० दिवसांत पाडावे लागते. तसे न केल्यास ते खालील जमिनीसह पालिकेच्या मालकीचे होते, शिवाय २,००० ते २०,००० युरोंचा दंड बसतो. हे टोक सहसा स्वतंत्र अवैध इमारतींच्या वाट्याला येते. अंशतः विसंगत भाग पाडल्याने वैध भागाला धोका पोहोचणार असेल, तर पाडकामाऐवजी आर्थिक दंड आकारता येतो. व्यवहारात मात्र नोटीस येण्याआधीच अडचण जाणवते. बँक तारण नाकारते, दुरुस्तीचा नवा परवाना अडतो आणि पुढचा खरेदीदार माघार घेतो.

समुद्रकिनाऱ्याजवळ नियम अधिक कडक आहेत. १९८५च्या गालास्सो कायद्यापासून किनाऱ्यालगतचा ३०० मीटरचा पट्टा निसर्गदृश्य म्हणून संरक्षित आहे. तेथे वाढवलेल्या खोलीला मागाहून मंजुरी मिळणे अतिशय कठीण असते. समुद्र दिसावा म्हणून परदेशी ग्राहक ज्या घरांकडे वळतात, ती नेमकी याच पट्ट्यात असतात.

नियमितीकरण

माफीशिवायचा मार्ग संहितेच्या ३६व्या कलमात आहे. त्यासाठी बांधकाम ते केले तेव्हाच्या आणि अर्ज केला तेव्हाच्या, अशा दोन्ही काळांतील नियमांत बसावे लागते. या 'दुहेरी अनुरूपते'मुळे अनेक किरकोळ फेरफारही अडकून पडत. २०२४च्या 'साल्वा काझा' (घर वाचवा) अध्यादेशाने आणि त्याला संमती देणाऱ्या कायद्याने (क्रमांक १०५) अंशतः विसंगत कामांसाठी ही अट सैल केली. आता अशा कामाने नगररचनेचे आजचे आणि बांधकामाचे त्या वेळचे नियम पाळलेले असावे लागतात. २४ मे २०२४पूर्वीच्या कामांत मोजमापातील फरकाची सूटही वाढली. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या घरांसाठी ती २ टक्के, तर ६० चौरस मीटरपेक्षा लहान घरांसाठी ६ टक्के आहे. अख्खी जादा खोली या सवलतीत बसत नाही.

खरेदीपूर्व तपासणी

ही तपासणी 'जेओमेत्रा' हा परवानाधारक तंत्रज्ञ, वास्तुविशारद किंवा अभियंता करतो. तो पालिकेकडून मंजूर नकाशे मिळवतो, घर स्वतः मोजतो आणि दोहोंतील तफावतीचा अहवाल देतो. जुनी दप्तरे शोधण्यास आठवडे, कधी महिने लागतात. 'आजिबिलिता' हे भोगवटा प्रमाणपत्राशी मिळतेजुळते कागदपत्रही तो पाहतो, परंतु ते नकाशाशी जुळणीचा पर्याय ठरत नाही.

तपासणीचा अहवाल 'कोंप्रोमेस्सो' या प्राथमिक करारापूर्वी हाती येणे महत्त्वाचे असते, कारण या कराराच्या वेळी इसार दिला जातो आणि खरेदीदाराने विनाकारण माघार घेतल्यास तो बुडतो. तोपर्यंत अहवाल तयार नसेल, तर तफावत आढळल्यास विक्रेत्याने स्वखर्चाने घर नियमित करावे किंवा इसार परत करावा, असे कलम करारात घालता येते. खरेदीनंतर दोष उघड झाल्यास विक्रेत्याकडून किंमत कमी करून घेण्याचा किंवा व्यवहार मोडण्याचा दावा करता येतो, मात्र खरेदीदाराला दोष आधीच ठाऊक होता असे ठरल्यास तो टिकत नाही.