पाण्याचा वार्षिक जमाखर्च : नोंद असेल तरच हक्क

पावसाळा संपला की धरणात किती टक्के साठा झाला याची चर्चा सर्वत्र होते. मात्र मागील वर्षी साठलेले पाणी कोणी, कोणत्या कामासाठी आणि किती वापरले, याकडे फारसे लक्ष जात नाही. राज्याच्या जलव्यवस्थापनाचा पाया या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर उभा असतो. टंचाईच्या वर्षी वाटपाचा वाद निर्माण झाला की ज्याच्याकडे मोजलेल्या पाण्याची नोंद असते, त्याचेच म्हणणे टिकते.

एक जलाशय, तीन मागण्या

छत्तीसगडमधील भिलाईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बालोदजवळील तांदुळा जलाशय ब्रिटिश काळात भातशेतीच्या संरक्षक सिंचनासाठी बांधला गेला. १९५९ मध्ये भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि याच जलव्यवस्थेवर उद्योगाची मागणी आली. पुढे हुडकोसारख्या वसाहतींसह शहर विस्तारले व पिण्याच्या पाण्याची गरजही वाढत गेली.

या तीन मागण्यांच्या मोजणीत मोठा फरक असतो. कारखान्याचे व शहराचे पाणी पंप आणि जलवाहिनीतून जाते, तेथे मापक बसविणे सोपे असते. शेतीचे पाणी उघड्या कालव्यातून वाहते आणि त्याची नोंद बहुधा भिजलेल्या क्षेत्रावरून होते. हेक्टरचा आकडा मिळतो, घनमीटरचा मिळत नाही. साठा अपुरा पडला की मोजलेली मागणी ठोसपणे मांडता येते. न मोजलेली मागणी अंदाज ठरते आणि कपात तिच्याच वाट्याला येण्याचा धोका असतो.

राज्याच्या पातळीवर तोच प्रश्न

तांदुळा नदी शिवनाथला आणि शिवनाथ महानदीला मिळते. महानदीच्या पाण्यावरून ओडिशा व छत्तीसगड यांच्यात वाद असून त्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये न्यायाधिकरण स्थापन केले. अशा वादात प्रत्येक राज्याला आपला वापर आकड्यांनी सिद्ध करावा लागतो आणि हे आकडे शेवटी चारी-वितरिकेच्या नोंदींतूनच तयार होतात.

महाराष्ट्राला हा अनुभव कृष्णा खोऱ्यात आला आहे. बच्छावत न्यायाधिकरणाने महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले. एक अब्ज घनफूट म्हणजे सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर (दलघमी). १ जून ते ३१ मे हे जलवर्ष ठरवून वापराच्या वार्षिक नोंदी ठेवण्याचे बंधनही राज्यांवर घालण्यात आले. वापर कसा धरावा, याचे नियम विशेष अभ्यासण्याजोगे आहेत :

- सिंचनासाठी वळविलेले वा उपसलेले पाणी १०० टक्के वापर म्हणून धरले जाते.
- खोऱ्यातील घरगुती व नागरी पाण्याचा २० टक्के भागच वापर मानला जातो.
- खोऱ्यातील औद्योगिक पाण्याचा केवळ २.५ टक्के भाग वापर मानला जातो.
- भूजलाचा वापर नदीच्या वापरात मोजला जात नाही.

म्हणजेच १० दलघमी पाणी शहराने उचलले तर खात्यावर २ दलघमी पडतात. तेवढेच पाणी शेतीने घेतले तर पूर्ण १० दलघमी पडतात. उर्वरित पाणी नदीत परत येते, हे यामागील गृहीतक आहे. परत येणारे पाणी दूषित असेल, तर कागदावर शिल्लक दिसणारे पाणी शेतीच्या उपयोगाचे राहत नाही. त्यामुळे वार्षिक अहवाल वाचताना ‘उचललेले पाणी’ आणि ‘खर्ची पडलेले पाणी’ हे दोन आकडे वेगळे पाहावेत.

जमाखर्चात काय असावे?

महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाने २००३-०४ या वर्षापासून सिंचन प्रकल्पांचे जललेखा अहवाल तयार करण्यास प्रारंभ केला. अशा लेख्यात जमेच्या बाजूला वर्षारंभीचा साठा व वर्षभरातील आवक असते. खर्चाच्या बाजूला सिंचन, पिण्याचे पाणी, उद्योग, बाष्पीभवन, गळती, सांडव्यावरून गेलेले पाणी आणि वर्षअखेरचा साठा असतो. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, तर मोजणीत त्रुटी आहे किंवा कोठेतरी नोंदीबाहेर वापर होत आहे, असे समजावे.

२००५ च्या शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याने पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याची तरतूद केली. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर पाणी वापर संस्थांनी मोजून पाणी घेण्याची पद्धत रुजविली. मोजून घेतलेल्या पाण्याची बचत दिसते आणि ते पाणी कोणत्या पिकाला द्यावे हे संस्थेला ठरविता येते.

गावपातळीवर प्रारंभ

विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील बाबींपासून सुरुवात करावी :

१. चारीच्या मुखाशी व्ही-नॉच किंवा कटथ्रोट फ्ल्यूम बसवून आवर्तनकाळात दररोज ठरावीक वेळी पातळी नोंदवावी.

२. विसर्ग व तास यांवरून घनमीटर काढावेत. सेकंदाला ३० लिटर विसर्ग १० तास चालला, तर १,०८० घनमीटर पाणी मिळते. एक हेक्टरवर ते सुमारे १०.८ सेंटिमीटर खोलीचे होते. आठ सेंटिमीटरची पाळी पुरेशी असेल, तर २८० घनमीटर पाणी अधिक गेले असे समजते.

३. विहिरींची पाणीपातळी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर मोजावी. कृष्णेच्या हिशेबात भूजल नसले, तरी गावाच्या हिशेबात ते असलेच पाहिजे.

४. वर्षाचा गोषवारा ग्रामसभेत व संस्थेच्या सभेत वाचून दाखवावा आणि त्याची प्रत शाखा कार्यालयात देऊन पोच घ्यावी.

कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यांसाठी ही पोच विशेष मोलाची आहे. पाणी मिळाले नाही ही तक्रार तोंडी राहिली, तर तिला तारीख व आकडा नसतो. दररोजच्या पातळीची वही असेल, तर कोणत्या आवर्तनात किती घनमीटर कमी आले हे दाखविता येते आणि पुढील वर्षाच्या सिंचन कार्यक्रमात तेवढ्या पाण्याची मागणी आधाराने मांडता येते.