ऊन, पाऊस आणि माती लहान होत नाहीत

पुण्यात छोट्या रेल्वेचा विषय निघाला की कर्वे रस्त्यावरचं जोशींचं संग्रहालय आठवतंच. बी. एस. ऊर्फ भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभारलेलं हे छोटंसं शहर 1998 साली लोकांसाठी खुलं झालं. तिथल्या गाड्या मात्र छपराखाली धावतात. हीच हौस अंगणात भागवायची म्हटली आणि अंगण मोशी, भोसरी किंवा चाकणच्या बाजूचं असलं, की सगळा हिशेब बदलतो. गाडी हवी तेवढी लहान करता येते. ऊन, पाऊस आणि माती तिच्याबरोबर लहान होत नाहीत. म्हणून बागेतली रेल्वे मला खेळण्यापेक्षा खऱ्या रेल्वेला जास्त जवळची वाटते.

बागेसाठी 45 मिलिमीटर रुंदीचा रूळ रूढ केला तो जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने, 1968 साली. 1:22.5 या प्रमाणात तो मीटरगेजचा रूळ ठरतो. आपल्या भागाला हे माप शोभतं. पुणे-मिरज मार्ग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मीटरगेजच होता. पुढे पिंपरीत ट्रक बनवणारी टेल्कोसुद्धा 1945 साली निघाली ती जमशेदपुरात आगगाडीची इंजिनं बनवायला. मीटरगेजवरचं ‘वायपी’ हे वाफेचं इंजिन तिच्याच कारखान्यातून बाहेर पडत असे.

लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी 22.5 पट कमी झाली की वजन सुमारे 11,400 पट घटतं. मीटरगेजचं 72 टनी डिझेल इंजिन या हिशेबाने जेमतेम सव्वासहा किलोचं होतं. एवढ्या हलक्या गाडीला रुळावर पडलेली काडीसुद्धा खाली उतरवते. त्यामुळे रूळ सपाट राहणं फार महत्त्वाचं, आणि तिथेच काळी माती आडवी येते.

इंद्रायणी-भीमेच्या खोऱ्यातल्या कितीतरी कांद्याच्या रानांवर आज घरं उभी आहेत. बंगला बांधला तरी अंगणातली माती तीच. तिच्यातल्या चिकणमातीचे कण अतिशय पातळ थरांचे असतात. थरांच्या मध्ये पाणी शिरलं की ते एकमेकांपासून दूर सरकतात आणि जमीन फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेलं की ती आकसते, आणि बोट सहज आत जाईल अशा भेगा पडतात. अशा जमिनीवर थेट अंथरलेला रूळ पहिल्या पावसाळ्यातच लाटेसारखा होणार. खऱ्या रेल्वेचे अभियंते यावर जो उपाय करतात तोच इथेही करावा. वीतभर खोल चर खणून काळी माती काढायची, मुरूम भरून पाणी मारत धुमस करायची आणि वर क्रशरची बारीक कच पसरायची. नदीतले गोल गोटे दिसायला छान, पण ते एकमेकांवरून घरंगळतात. क्रशरमधून निघालेले बेसॉल्टचे तुकडे कोनदार असल्यामुळे एकमेकांत अडकून बसतात आणि पाणीही खाली जाऊ देतात.

मग प्रश्न उरतो उन्हाचा. बागेतले रूळ बहुधा पितळेचे असतात. तापमान एक अंशाने वाढलं की पितळ दर मीटरला सुमारे 19 मायक्रॉन वाढतं. मायक्रॉनचा हिशेब भोसरीच्या टर्नरला शिकवावा लागत नाही. थंडीतल्या पहाटेचा 10 अंशांचा रूळ मे महिन्याच्या दुपारी 60 अंशांवर गेला, तर फरक 50 अंशांचा. म्हणजे मीटरमागे जवळजवळ एक मिलिमीटर आणि दहा मीटरच्या सलग रुळात जवळजवळ एक सेंटिमीटर! जागा मिळाली नाही तर रूळ बाजूला वाकतो. मोठ्या रेल्वेत लांबच लांब जोडलेल्या रुळांना जड स्लीपर आणि खडी जागच्या जागी दाबून धरतात. आपल्या हलक्या रुळाला ते बळ नसतं, म्हणून त्याला मोकळं ठेवावं: स्लीपर काँक्रीटमध्ये गाडू नयेत आणि सांध्यात फट सोडावी. डिसेंबरच्या पहाटे रूळ अंथरलात तर मीटरमागे मिलिमीटरभर, मेच्या दुपारी अंथरलात तर जवळपास काहीच नाही.

रुळांतूनच वीज देत असाल तर याच सांध्यांवर पावसाळ्यात हिरवट गंज चढतो, विरोध वाढतो आणि लांबच्या टोकाला गाडी मंदावते. प्रत्येक सांध्यावर तांब्याच्या तारेचा लवचीक तुकडा डाखून द्यावा किंवा सरळ इंजिनातच बॅटरी बसवावी. आपल्याकडचा पाऊस पाहता मी बॅटरीच सुचवेन.

घाई मात्र कुणी करू नये. चर आणि मुरुमाचं काम मेअखेरीस आटोपावं आणि एक पावसाळा भराव नुसता बसू द्यावा. कुठे पाणी तुंबतं, कुठे जमीन दबते हे त्या चार महिन्यांत आपोआप कळतं. दसऱ्यानंतर गवंड्याच्या लेव्हल ट्यूबने उंची तपासून खळग्यांत कच टाकावी, आणि मग रूळ आणावेत.